लॅपटॉपला जादा एसएसडी : खर्च करण्यापूर्वी जाणून घ्या

(सोसायटीच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. लॅपटॉपमध्ये जादा एसएसडी बसवणे हा दुकानदाराचा किंवा इंजिनिअरचा विषय. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने त्यावर काय बोलावे, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु निकालाचे दिवस आले की पालक शाळेत येतात आणि विचारतात, "सर, घरचा लॅपटॉप भरला आहे, फार सावकाश चालतो. दुकानदार म्हणतो, हा टाका आणि नवा घ्या. घेऊ का?" प्रश्न दिसायला यंत्राचा असला तरी खरे पाहता तो घराच्या हिशोबाचा आहे. कुणी त्यासाठी हप्ते बांधून घेतो, कुणी दागिना गहाण टाकतो, आणि कुणाच्या घरी "या वर्षी मुलाला घेऊ, मुलीचे पुढे पाहू" असा निर्णय होतो. म्हणून हा विषय शिक्षकाचाही आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे : नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी जुन्याच्या पोटात काय आहे ते जाणून घ्या. अनेकदा एक जादा एसएसडी बसवून तोच लॅपटॉप आणखी काही वर्षे दोन-तीन मुलांच्या अभ्यासाला पुरतो. मात्र कुठला लॅपटॉप त्याला योग्य, कुठला नाही, आणि जागा वाढल्यावर कोणती नवी जबाबदारी येते, हे समजून मगच पैसे खर्च करावेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण सगळ्यालाच "मेमरी" म्हणतो. वास्तविक संगणकात दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्वयंपाकघरातला ओटा आणि धान्याची कोठी यांत जो फरक, तोच रॅम आणि स्टोरेज यांत आहे. ओट्यावर आत्ता चालू असलेले काम मांडलेले असते. वीज गेली की ओटा रिकामा. कोठीत वर्षाचा साठा राहतो. वीज असो वा नसो, तो जागेवर असतो. एसएसडी ही कोठी आहे. कोठी वाढवल्याने ओटा रुंद होत नाही. म्हणून कुणी म्हणाले की जादा एसएसडी बसवली की सर्व रोग बरे होतील, तर त्यावर विश्वास ठेवू नका. रोग कोणता ते आधी ओळखले पाहिजे.

या कोठीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि तिच्यात मावत होती ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलने काढलेल्या एका चांगल्या छायाचित्राने ती भरून गेली असती. पुढे तबकड्या लहान झाल्या, पण तत्त्व तेच राहिले : तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक टोक तिच्यावरील हवी ती जागा शोधते. लॅपटॉपमधील अशी तबकडी साधारणतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते. दुसरा मार्ग जपानमध्ये निघाला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली आणि १९८४ साली ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. आज एसएसडीत वापरला जाणारा तिचा नॅन्ड हा प्रकार १९८७ साली पुढे आला. यात फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवायचा, आणि तो भार म्हणजेच आपला मजकूर. टोक फिरवून शोधण्याचा वेळ वाचतो, म्हणून एसएसडी वेगवान. शिवाय धक्क्याने बिघडण्याचे भय कमी आणि आवाज मुळीच नाही.

आता निदानाकडे वळू. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर "टास्क मॅनेजर" उघडा आणि "परफॉर्मन्स" या भागात पाहा. तिथे डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले असते. तीन शक्यता आहेत.

पहिली : तिथे एचडीडी लिहिले आहे आणि साधे काम करतानाही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकतो. अशा लॅपटॉपला एसएसडीचा फायदा सर्वांत अधिक. पण नुसती जादा एसएसडी बसवून तिच्यात चित्रे ठेवली तर वेग वाढणार नाही. विंडोज स्वतः नव्या एसएसडीवर नेली पाहिजे आणि जुनी हार्ड डिस्क साठ्यासाठी ठेवली पाहिजे.

दुसरी : एसएसडी आधीच आहे, वेग बरा आहे, पण सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. इथे जागेचाच प्रश्न आहे आणि जादा एसएसडी हे त्याचे सरळ उत्तर आहे. मात्र आधी डाउनलोडचे फोल्डर आणि रिसायकल बिन झाडून पाहावे. कधी कधी औषध फुकटात मिळते.

तिसरी : एसएसडी आहे, जागाही आहे, तरी लॅपटॉप अडखळतो, आणि मेमरीचा आकडा सतत वर चढलेला दिसतो. इथे ओटा अपुरा आहे. एसएसडीवर खर्च न करता रॅम वाढवता येते का ते विचारा.

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न : बसवायला जागा आहे का? हे अंदाजाने ठरवू नये. लॅपटॉपच्या पाठीवर मॉडेलचा क्रमांक असतो. तो घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका मिळवावी आणि वाचावी. ज्या उम्मतला मिळालेला पहिला शब्द "इकरा", म्हणजे "वाच", हा आहे, तिला वाचनाचा कंटाळा शोभत नाही.

पुस्तिकेत साधारणपणे पुढीलपैकी काही आढळेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची चपटी खाच असते. तिच्यात बसणारी एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. तिची रुंदी २२ मिलिमीटर, आणि लांबी ३०, ४२ किंवा ८० मिलिमीटर. म्हणून तिला २२३०, २२४२, २२८० अशी नावे आहेत. ८० मिलिमीटरची पट्टी ४२ च्या जागेत बसत नाही, हे सांगायला नको. त्यातही दोन जाती आहेत : साटा आणि एनव्हीएमई. दिसायला बहिणी, पण भाषा वेगळी. काही खाचा एकच भाषा समजतात, काही दोन्ही. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. एनव्हीएमईच्या तिसऱ्या पिढीतील चांगली एसएसडी सुमारे ३,५०० पर्यंत जाते. आणि जुनी हार्ड डिस्क शंभराच्या आसपास असते. तरीही ध्यानात ठेवा, हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो फरक जाणवतो, तेवढा साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या अभ्यासाच्या कामात जाणवत नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी सर्वांत वेगवान वस्तू घेण्याचा हट्ट नको. चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते, पण तिसऱ्याच पिढीच्या वेगाने.

दुसरी जागा अडीच इंचाच्या कप्प्याची. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क तिथेच असते. काही मॉडेलमध्ये कप्पा रिकामा असतो, पण त्याची चपटी केबल आणि पत्र्याची चौकट दिलेली नसते. ती आधी मिळते का ते पाहावे. तिसरी जागा सीडी-डीव्हीडीच्या कप्प्याची. तो काढून त्या जागी एक साचा बसवता येतो आणि त्यात अडीच इंची डिस्क राहते. हा साचा ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळतो, तेव्हा मोजून घ्यावा.

आणि काही यंत्रांत जागाच नसते. स्वस्तातल्या काही लहान लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाचा साठा मुख्य पाटीवरच डाग देऊन जोडलेला असतो, आणि अ‍ॅपलच्या आजच्या मॅकबुकमध्येही आत जादा एसएसडी बसवण्याची सोय नाही. तिथे यूएसबीने जोडायची बाहेरची एसएसडी हाच मार्ग. खाच एकच असून ती भरलेली असेल, तर जुनी काढून मोठी बसवता येते. आणखी एक सूचना : एखाद्या मॉडेलच्या महागड्या आवृत्तीत दुसरी खाच असते, पण स्वस्त आवृत्तीत फक्त तिची जागा मोकळी असते, खाच नसते. म्हणून पुस्तिका वाचली तरी खरेदीपूर्वी एकदा यंत्र उघडून खात्री करावी. वॉरंटी चालू असेल, किंवा आखातातून भाऊबंदांनी पाठवलेला लॅपटॉप असेल, तर उघडल्याने वॉरंटीला बाध येतो का आणि ती इथे लागू आहे का, हेही आधी विचारून घ्यावे.

खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहा. नामांकित कंपनीची वस्तू, पक्के बिल, वॉरंटीची वर्षे, आणि किती लिखाण सोसेल याचा कंपनीने दिलेला आकडा. एसएसडीच्या कप्प्यांवर पुन्हा पुन्हा लिहिले की ते झिजतात, हे खरे आहे. पण घाबरण्याचे कारण नाही. एखाद्या ५०० जीबी एसएसडीवर ३०० टेराबाइट असा आकडा असेल आणि आपण रोज २० जीबी लिहिले, तर १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. मुलांनो, हे गणित घरी करून पाहा. दुसरे, ५१२ जीबीची वस्तू विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. यात दुकानदाराची लबाडी नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. खरी लबाडी निराळी असते : अगदी नगण्य किमतीत "१६ टेराबाइट" अशी बाहेरून जोडायची डिस्क विकायला येते. तिच्यात प्रत्यक्षात थोडीशी जागा असते आणि यंत्राला खोटा आकडा सांगितलेला असतो. भरायला लागले की आधीचा मजकूर नाहीसा होतो. अशा मोहापासून दूर राहावे.

आता बसवण्याची रीत. उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवा. पुष्कळ विंडोज लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते, ती कागदावर उतरवून घ्या. ही एक गोष्ट विसरल्यामुळे पुढे आपल्याच घराबाहेर उभे राहण्याची वेळ येऊ शकते. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्या, आणि नायलॉनच्या चटईवर न बसता लाकडी टेबलावर काम करा. मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. झाकण धातूच्या पट्टीने उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. झाकण निघाल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीची जोडणी सोडवणे.

एम.२ एसएसडी खाचेत तिरपी, सुमारे तीस अंशांत सरकवायची, अलगद खाली दाबायची आणि शेवटच्या टोकाला लहानसा स्क्रू लावायचा. पट्टीवरचा खाचा आणि खाचेतला दात जुळले पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे, थांबा. शेजारी वाय-फायची पट्टी असलेली तशीच एक खाच दिसेल. ती एसएसडीसाठी नाही.

झाकण लावून लॅपटॉप सुरू केला की नवी डिस्क लगेच दिसत नाही आणि पुष्कळांचा धीर सुटतो. नवीन वहीवर अजून रेघा आखलेल्या नाहीत, इतकेच. "डिस्क मॅनेजमेंट" उघडा. नवी डिस्क "अनअ‍ॅलोकेटेड" अशी दिसेल. तिला इनिशिअलाइझ करताना जीपीटी निवडा, मग "न्यू सिंपल व्हॉल्यूम" आणि एनटीएफएस. इथे एकच काळजी : जुनी भरलेली डिस्क चुकून निवडू नका. आकडा दोनदा वाचा. विंडोज नव्या एसएसडीवर न्यायची असेल तर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून देणारे सॉफ्टवेअर मिळते. काही एसएसडी कंपन्या स्वतःच ते देतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी ६४ जीबी साठा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसरही लागतो. फार जुन्या लॅपटॉपला जागा वाढवूनही ही अट पुरी करता येणार नाही. तिथे लिनक्सचा विचार करावा. सी-डॅकने बॉस या नावाने लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. लिहिणे, वाचणे, इंटरनेट आणि प्रोग्रामिंग शिकणे एवढ्यासाठी ते पुरेसे आहे.

आता व्याख्यानाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. जागा वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली असे नाही. उलट आता घरातील सगळ्यांची छायाचित्रे, गुणपत्रिका, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, ताईचा प्रकल्प आणि भावाचा अभ्यासक्रम, सर्व एका यंत्रात गोळा होते. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुर करते. एसएसडी कधी कधी न सांगता जाते. तिच्यावरून पुसलेला मजकूर परत मिळवणेही बहुधा अशक्य असते, कारण संगणक त्या जागा स्वतःहून मोकळ्या करून टाकतो. आणि एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो. कपाटातल्या साठ्यासाठी ती योग्य नव्हे.

म्हणून जाणकारांनी एक नियम सांगितला आहे : प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. घराबाहेर कशासाठी? २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूणला पूर आला तेव्हा एकाच घरातले कपाट, टेबल आणि ट्रंक एकदमच पाण्याखाली गेले. दुसरी प्रत त्याच घरात असती तर तिचा काय उपयोग? गुणपत्रिका आणि दाखले डिजिलॉकरमध्ये ठेवा, महत्त्वाच्या फाइली इंटरनेटवरील खात्यात ठेवा, किंवा एक डिस्क दुसऱ्या गावच्या मामाकडे ठेवा.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांनी काळजी व्यक्त केली आणि हजरत अबू बकर यांनी हजरत जैद बिन साबित यांच्याकडे कुरआन शरीफ एकत्र लिहून काढण्याचे काम सोपवले. पुढे हजरत उस्मान यांनी त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांना पाठवल्या. जे छातीत जपले होते ते कागदावर आले, आणि जे एका ठिकाणी होते ते अनेक ठिकाणी गेले. त्या महान कार्याची आपल्या लॅपटॉपशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही, अल्लाह माफ करो. पण जी गोष्ट जपायची ती एकाच जागेच्या भरवशावर ठेवू नये, हा धडा आपल्याला तिथूनच मिळतो. मुलांची कागदपत्रे ही पालकांकडे अमानत आहे.

शेवटी दोन विनंत्या. पालकांना विनंती की इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनला मान्य नाही; आणि केवळ न जाणल्यामुळे झालेला खर्च हीसुद्धा उधळपट्टीच. नवा लॅपटॉप खरोखर लागत असेल तर जरूर घ्या, पण आधी जुना उघडून पाहा. त्यातून वाचलेल्या पैशांत मुलीची फी भरता येईल. आणि विद्यार्थ्यांना विनंती की हे काम दुसऱ्यावर सोडू नका. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या रविवारी जुना, निकामी लॅपटॉप उघडून सर्वांनी हात चालवावा. मुलींनीही स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा. यंत्राला मुलगा-मुलगी कळत नाही, त्याला फक्त माहितगार हात कळतो. त्यासाठी वेळ द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत, आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी जागेची परवानगी द्यावी, अशी त्यांना या व्यासपीठावरूनच अर्ज करतो.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.